पुठ्ठ्यात गेलेल्या पावत्या

प्रति,
मा. वसुली अधिकारी,
कर कार्यालय, दुसरा मजला
(जिना चढून डावीकडे, उजवीकडे गेल्यास खाली पाठविण्यात येते)

अर्जदार : बाइंडिंग कारखान्याची हिशेबनीस व घरातील थोरली सून

विषय : आपल्या कार्यालयातील पंचेचाळीस नोंदवह्यांचे पुठ्ठे उघडून त्यांतील आमच्या मूळ पावत्या काढून घेण्याची परवानगी १४ नोव्हेंबरच्या आत मिळणेबाबत (अर्ज पाचवा)

संदर्भ : १) आपली नोटीस, दि. ७ जून २०१०
२) अर्जदाराचे अर्ज, दि. २१ जून व ३ सप्टेंबर २०१०, १० जानेवारी व २ मे २०११
३) आपली जप्तीची नोटीस, दि. ११ ऑक्टोबर २०११
४) आपलेच मागणीपत्र, दि. २४ ऑक्टोबर २०११

महोदय,

१. अर्जदार सविनय कळविते की (हा शब्द मागच्या चारही अर्जांत मनापासून होता, या वेळी सवयीने आला आहे) आमचा वह्या-पुस्तके बांधण्याचा कारखाना आहे. कारखाना हे पाटीवर. प्रत्यक्षात दोन खोल्या, एक पोटमाळा आणि घरातली पाच माणसे. सासरे पुठ्ठे तयार करतात, सासूबाई खळ शिजवतात, अर्जदाराचे पती शिलाई करतात, धाकटे दीर कटिंग मशीन चालवतात आणि अर्जदार पैसे सांभाळते. ते कटिंग मशीन १४ नोव्हेंबर रोजी सकाळी अकरा वाजता आपले पथक उचलून नेणार आहे. कडा न कापलेली वही कोणी विकत घेत नाही. म्हणजे त्या दिवशी अकरानंतर कारखाना नाही. पुढचे सर्व परिच्छेद एवढ्यासाठीच आहेत, तरी ते वाचण्याची कृपा व्हावी. मागचे दोन अर्ज वाचले गेले नाहीत, हे अर्जदारास सिद्ध करता येते. त्याविषयी परिच्छेद ९ पाहावा.

२. अर्जदार लग्न होऊन आली तेव्हा कारखान्याचा हिशेब चार डब्यांत होता. एक कागदाचा, एक भाड्याचा, एक औषधांचा आणि चौथ्यावर काही लिहिलेले नव्हते, तो सासूबाईंचा. गिऱ्हाइकाने पैसे दिले की सासरे ते चार ठिकाणी टाकत. महिनाअखेरीस डबे हलवून पाहत आणि आवाज आला की महिना बरा गेला असे समजत. अर्जदार कॉमर्सची पदवीधर आहे. तिने काही वर्षे हे मुकाट्याने पाहिले, मग एक दिवस रोजकीर्द आणली आणि सांगितले की यापुढे सुईसुद्धा पावतीशिवाय घरात येणार नाही. दीर म्हणाले, पावती मागितली की रेक्झिनवाला भाव वाढवतो. पती काही म्हणाले नाहीत, ते शिलाई करताना सहसा काही म्हणत नाहीत. सासऱ्यांनी मात्र तीन दिवसांत एकेक करून तीन डबे अर्जदाराच्या हवाली केले, जणू घराच्या किल्ल्याच देत होते. चौथा डबा अद्याप मिळालेला नाही. तो कराच्या कक्षेत येतो किंवा कसे, याबाबत हा अर्ज मौन पाळतो.

३. अशा रीतीने भांडून, रुसून, दुकानदारांशी हुज्जत घालून तीन वर्षांच्या एक हजार तीनशे बारा पावत्या जमल्या. त्यांचे अकरा गठ्ठे लाल फितीने बांधून फळीवर ठेवले होते. आमच्याकडे लाल फीत म्हणजे जपायचा कागद आणि सुतळी म्हणजे रद्दी. हा नियम सासऱ्यांच्या वडिलांपासून आहे. तो कोणी कधी लिहून ठेवला नाही, कारण तो मोडण्याची वेळ कधी आली नव्हती.

४. दि. १८ जानेवारी २०१० रोजी आपले तपासनीस आले. त्यांचे गुडघे दुखत होते. अर्जदारास त्यांचे नाव माहीत आहे, परंतु घरात त्यांना आजही गुडघेसाहेबच म्हणतात. त्यांनी अकराही गठ्ठे सोडले, तीन तास पाहिले, तीन वेळा चहा घेतला आणि आपल्या अहवालात लिहिले : "पावत्या पाहिल्या, नीटनेटक्या आहेत." अर्जदारास त्या दिवशी झालेला आनंद आता आठवला तरी शरम वाटते. जाताना ते म्हणाले की ऑफिसात लाल फीत सहा महिन्यांपासून संपली आहे, आणि आमच्या अकराही फिती त्यांनी आपल्या फायलींना बांधल्या. अर्जदार तेव्हा चौथ्या चहासाठी आत गेली होती. गठ्ठे मोकळे राहू नयेत म्हणून त्यांनी कोपऱ्यातली सुतळी घेतली आणि स्वतःच्या हाताने गठ्ठे बांधून दिले. यात त्यांचा हेतू चांगला होता, हे अर्जदार मान्य करते. गुडघ्यांमुळे ते फळीपर्यंत पोचवता आले नाहीत म्हणून त्यांनी ते दाबाच्या यंत्राशेजारी, सासऱ्यांच्या पाटापाशी ठेवले.

५. येथे पुठ्ठ्याविषयी सांगणे भाग आहे. सासरे बाजारचा पुठ्ठा वापरीत नाहीत. रद्दी कागदाचे बारा थर खळीने एकावर एक चिकटवून, दोन दिवस दाबाखाली ठेवून ते स्वतःचा पुठ्ठा करतात. खळीत मोरचूद असते, त्यामुळे कीड लागत नाही. आणि ते कागद कधीही वाचत नाहीत. बाइंडरच्या हाताखालून वकिलांचे कागद जातात, दवाखान्यांचे जातात, लोकांच्या घरच्या भानगडी जातात. जो वाचतो त्याच्याकडे कोणी कागद देत नाही. म्हणून त्यांचे डोळे कागदावर नसतातच. ते अंगठ्याने पाहतात : जाडी किती, उभा वाकतो की आडवा. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी हा नियम एकदाच मोडला. तो प्रसंगही पुढे येईल.

त्या फेब्रुवारीत आपल्याच कार्यालयाची शेहेचाळीस आवक-जावक नोंदवह्यांची मागणी हाती होती. ब्याण्णव पुठ्ठे करायचे होते. पाटाशेजारी सुतळीने बांधलेले अकरा गठ्ठे होते, कागद एकसारखा, कोरडा, चांगल्या जाडीचा. सासऱ्यांनी ते सर्वच्या सर्व मधल्या थरांना वापरले. त्या आठवड्यात ते दोनदा म्हणाले की अलीकडे रद्दी फार चांगली येऊ लागली आहे. अर्जदाराने होकार दिला. २० मार्चला वह्या आपल्याकडे पोचल्या.

६. ७ जूनला आपली नोटीस आली की मूळ पावत्या हजर करा. अर्जदार स्टूल घेऊन फळीपाशी गेली. फळी रिकामी होती. पोटमाळा झाला, पलंगाखाली झाले, दिरांच्या कपड्यांचे कपाट झाले. मग पतीने, जे सहसा काही म्हणत नाहीत, विचारले की त्या दिवशी साहेबांनी गठ्ठे परत कशाने बांधले होते. सासऱ्यांच्या हातात तेव्हा खळीचा ब्रश होता. त्यांनी तो खाली ठेवला, हात पुसले आणि एवढेच म्हणाले, "सुतळीत होते गं." त्यानंतर दोन दिवस ते पाटावर बसले नाहीत. सासूबाई मात्र बोलल्या. त्या म्हणाल्या, पावत्या ठेवल्याच नसत्या तर हरवल्याही नसत्या. चार डब्यांनी चाळीस वर्षांत कोणाला नोटीस आणली नव्हती. अर्जदार या युक्तिवादाचे खंडन आजवर करू शकलेली नाही. आपल्या कार्यालयास ते जमल्यास कळवावे.

७. पावत्या नाहीत, सबब खर्च नाही, असा निर्णय आपण दिला. तीन वर्षांची विक्री नऊ लाख साठ हजार. त्यातला सहा लाख सत्तर हजारांचा खर्च आपण एका ओळीत खोडला आणि संपूर्ण विक्रीस नफा ठरविले. म्हणजे आपल्या मते आम्ही तीन वर्षे कागदाशिवाय वह्या बांधल्या. दोऱ्याशिवाय शिवल्या. वीज न वापरता मशीन चालवले आणि भाडे न देता दोन खोल्यांत राहिलो. हे जमत असते तर अर्जदाराने आपल्याला अर्ज केला नसता, आपणच तिच्याकडे शिकायला आला असता. गुडघेसाहेबांच्या अहवालाकडे लक्ष वेधले असता आपण लिहिले की, "पावत्या पाहिल्याची नोंद म्हणजे पावत्या असल्याचा पुरावा नव्हे." हे वाक्य अर्जदाराने घरात मोठ्याने वाचून दाखविले. दिरांनी ते परत वाचायला लावले.

८. अर्जदाराने पहिल्या अर्जात साधी विनंती केली होती : पावत्या आपल्याच कपाटात आहेत, पुठ्ठे उघडू द्या, आम्ही फुकट नवे घालून देतो. उत्तर आले की नोंदवह्या कायमस्वरूपी अभिलेख असून तीस वर्षे जतन करावयाच्या आहेत. तत्पूर्वी त्यांस चाकू लावता येणार नाही. मुदत संपल्यावर पुन्हा अर्ज करावा. सासरे तेव्हा एकशे सात वर्षांचे असतील. त्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले की तोवर हात चालेल की नाही सांगता येत नाही.

सुदैवाने शेहेचाळीसपैकी एक वही आपण परत पाठविली होती, कारण तीत पान एकशे बारा दोनदा आले होते. ती मात्र आमची. सासऱ्यांनी किटलीच्या वाफेवर तिचे दोन्ही पुठ्ठे सोडविले. चाळीस मिनिटे लागली. आतून एकतीस पावत्या निघाल्या, शाई जशीच्या तशी, दुकानदाराची सहीसुद्धा. अर्जदाराने त्या वाळवून, इस्त्री करून दुसऱ्या अर्जासोबत जोडल्या. आपण त्या ग्राह्य धरल्या आणि मागणी दोन हजार तीनशे चाळीसने कमी केली. त्याच पत्रात पावत्या उशिरा सादर केल्याबद्दल अडीच हजार दंड लावला. म्हणजे पावत्या सापडल्यामुळे कारखाना एकशे साठने आणखी बुडाला आणि एकूण येणे एक लाख चौऱ्याऐंशी हजार एकशे साठ झाले. तथापि पुठ्ठ्यातून निघालेली पावती ही पावती असते, हे आपण त्या दिवशी लेखी मान्य केलेले आहे. ते आता नाकारता येणार नाही.

आणखी एक. राहिलेल्या पंचेचाळीस वह्यांचे आमचे बिल, प्रत्येकी आठशे चाळीसप्रमाणे सदतीस हजार आठशे, एकोणीस महिने आपल्याकडे पडून आहे. ते मिळण्यासाठी कराची थकबाकी नसल्याचा दाखला लागतो. दाखला आपलेच कार्यालय देते. थकबाकी असल्याने देत नाही. मग ती रक्कम थकबाकीतून वळती करा, असे अर्जदाराने सांगून पाहिले. खिडकीवरचे कारकून चांगले गृहस्थ आहेत. त्यांनी समजावून सांगितले की येणे आणि देणे ही दोन वेगळी टेबले आहेत. अर्जदाराने ती पाहिली. त्यांच्यामध्ये एक कुंडी आहे.

९. तिसऱ्या आणि चौथ्या अर्जाला उत्तर आले नाही. का आले नाही, ते गेल्या सप्टेंबरमध्ये कळले. रद्दीवाल्याने चाळीस किलो माल टाकला आणि सासरे पाटावर बसून तो जाडीप्रमाणे लावू लागले. थोड्या वेळाने त्यांनी अर्जदारास हाक मारली. हातात काही कागद होते, टाचणी तशीच. ते म्हणाले, "सूनबाई, मी वाचलं नाही. पण हे अक्षर तुझं आहे."

तो अर्जदाराचा तिसरा आणि चौथा अर्ज होता. त्यांवर आपल्या कार्यालयाचा 'प्राप्त' हा शिक्का, आवक क्रमांक आणि कोणाची तरी आद्याक्षरे होती. सोबत जोडलेले हिशेबाचे तक्तेही होते, ज्यांसाठी अर्जदाराने आठ रविवार घातले. रद्दीवाल्याला विचारले तर तो खुशीत म्हणाला, कर ऑफिसचा माल आहे, वहिनी, तिथला कागद चांगला असतो. अर्जदाराने नऊ रुपये किलोच्या भावाने स्वतःचेच अर्ज विकत घेतले आणि त्याची पावती घेतली. ती सोबत जोडली आहे.

महोदय, अर्जदारास आलेला राग येथे नोंदविणे आवश्यक आहे, कारण दुसरीकडे नोंदवायला जागा नाही. अर्ज आला, ही नोंद आपण तीस वर्षे जपणार. तिला चाकू लावू देणार नाही. आणि प्रत्यक्ष अर्ज चार महिन्यांत किलोवर घालणार. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याचा कागद वाचला नाही, त्याला सुनेचे अक्षर रद्दीत ओळखावे लागले. अर्जदाराने त्या दिवशी रोजकीर्दीत काहीही लिहिले नाही. ते पान कोरे आहे. तपासणीत त्याबद्दल विचारल्यास हे कारण समजावे.

१०. आता दि. २४ ऑक्टोबरचे आपले मागणीपत्र. त्यात आपण साठ नव्या नोंदवह्या मागविल्या आहेत आणि लिहिले आहे, "पूर्वीच्या वह्यांचे पुठ्ठे उत्तम टिकल्याने त्याच कारखान्यास काम देण्यात येत आहे." टिकणारच. त्यांत आमची तीन वर्षे आहेत.

वह्या पोचविण्याची मुदत १४ नोव्हेंबर, दुपारी बारा. मशीन जप्तीची वेळ तोच दिवस, सकाळी अकरा. दोन्ही पत्रांवर सही एकच आहे. ती आपली आहे. दोहोंपैकी कोणत्या पत्राचे पालन करावे हे कळविल्यास बरे होईल. उशीर झाल्यास प्रतिदिनी शंभर दंड आहे, असे मागणीपत्राच्या मागे बारीक अक्षरात छापले आहे. अर्जदार बारीक अक्षर वाचते. कागद न वाचण्याचा सासऱ्यांचा नियम तिला लागू नाही.

दीर रोज सकाळी मशीनला तेल घालतात. न्यायचेच आहे तर तेल कशाला, असे अर्जदाराने चिडून विचारले. ते म्हणाले, "न्यायला आले तर नेऊ दे, वहिनी. पण कुरकुरत नको जायला." पतीने खोक्यांच्या कारखान्यात पॅकिंगच्या कामासाठी चौकशी केली आहे. त्यांनी घरात सांगितलेले नाही. त्यांनी खिशात विसरलेल्या बसच्या तिकिटावरून अर्जदारास कळले, कारण तिकिटेही तीच जमा करते.

११. सबब विनंती अशी की :

(अ) वह्यांचे पुठ्ठे उघडू द्यावेत. पंचेचाळीस वह्या, प्रत्येकी चाळीस मिनिटे, म्हणजे तीस तास; सासरे आणि पती मिळून तीन दिवसांत काम संपवतील. आतले एकही पान हलणार नाही. नवे पुठ्ठे आमच्या खर्चाने.

(ब) पावत्या निघेपर्यंत मशीन जागेवर राहू द्यावे.

(क) हे दोन्ही शक्य नसल्यास, अर्ज नाकारल्याचे पत्र एकाच बाजूने छापलेले, जाड कागदावर पाठवावे. ते कामाला येईल.

१२. शेवटी एक गोष्ट आधीच कळविणे अर्जदाराचे कर्तव्य आहे. सोमवार, ७ नोव्हेंबर रोजी सकाळी साडेदहा वाजता सासरे आपल्या कार्यालयात येतील. त्यांच्याजवळ विजेची किटली, एक बोथट चाकू, हाडाची पट्टी आणि दोन ओली फडकी असतील. चाकू कागदाचा आहे. पोलिसांना बोलावल्यास त्यांना तसे सांगावे. सासऱ्यांना कपाटाजवळ प्लग असलेली जागा लागेल. ते कोणाशी बोलणार नाहीत आणि कोणाचा कागद वाचणार नाहीत. एक वही उघडतील. चाळीस मिनिटे आपण शेजारी उभे राहून पाहावे, मग काय ते ठरवावे.

परवानगी आलेली नाही, हे अर्जदाराने त्यांना तीन वेळा सांगितले. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "त्या वह्या मी बांधल्यात. उघडायच्या कशा, ते मला कोण शिकवणार?"

अर्जदार जवळजवळ पाच वर्षे या घराला नियमाने वागायला शिकवीत आली आहे. रांगेत उभे राहा, शिक्का घ्या, पोच मागा, वाट पाहा. सोमवारी ती सासऱ्यांना थांबविणार नाही. किटली तीच उचलणार आहे, त्यांना आता जिना चढताना ओझे पेलवत नाही.

अजूनही आपली नम्र,

(सही)
हिशेबनीस, बाइंडिंग कारखाना
दि. ४ नोव्हेंबर २०११

सोबत :
१) तपासनिसांच्या अहवालाची प्रत
२) दि. ११ ऑक्टोबर व दि. २४ ऑक्टोबरची आपली पत्रे, एकमेकांना टाचून
३) अर्ज तिसरा व चौथा, 'प्राप्त' शिक्क्यासह (रद्दीतून)
४) त्यांच्या खरेदीची पावती
५) मूळ पावत्या, एक हजार दोनशे एक्क्याऐंशी : जोडलेल्या नाहीत. आपल्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात, वरून दुसऱ्या आणि तिसऱ्या कप्प्यात आहेत.